मिस्टर ओटिस यांची वही

माझं अक्षर फार सुंदर आहे, असं मला वयाच्या सहाव्या वर्षापासून सांगण्यात आलं. या एका वाक्यानं माझं जेवढं वाटोळं केलं, तेवढं कुठल्या शिवीनंही केलं नाही. बाबा संध्याकाळी कामावरून आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, "कित्ता झाला का?" चार रेघांची वही, निळी शाई, आणि पाठीमागे हात बांधून उभे असलेले बाबा. एखाद्या अक्षराची मान वाकडी झाली की पान फाटलंच म्हणून समजा. गणितात नापास झाले असते तर त्यांनी एक वेळ सोडून दिलं असतं, अक्षरात नाही. पाहुणे आले की इतरांच्या मुली गाऊन दाखवत. मी लिहून दाखवायचे. पाहुणे चहाचा कप सांभाळत वही डोळ्यांजवळ धरत आणि म्हणत, "वा, मोती आहेत मोती." बाबा नम्रपणे हसत. त्या हसण्याची मला आजही चीड येते, आणि त्या वेळी मला ते किती आवडायचं हे आठवलं की स्वतःचीही येते.

बाबा जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात स्टोअर्सचे मॅनेजर होते, पण तो त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. खरा उद्योग अर्ज लिहिण्याचा. लिफ्ट बंद पडली, अर्ज. वरच्या मजल्यावरच्यांनी ओले कपडे न पिळता खिडकीबाहेरच्या बांबूवर टाकले, अर्ज. त्यांचं इंग्रजी असं कडक की वाचणाऱ्याला उभं राहून वाचावंसं वाटावं. कच्चा मसुदा ते लिहायचे आणि पक्की प्रत मी. "टाइप केलेल्या कागदाला कुणी विचारत नाही," ते म्हणायचे, "हातानं लिहिलेल्या कागदात माणूस दिसतो." माझ्या कागदाखाली ते स्वतः कार्बन लावत आणि खालची प्रत एका हिरव्या फाइलीत जात असे.

आम्ही आधी सिंगापुरात सेरंगूनला राहत होतो. तिथल्या घरमालकानं आईच्या फोडणीचं कारण सांगून आम्हाला महिन्याभरात बाहेर काढलं. हिंगाचा वास भिंतींना लागतो म्हणे. मग दुसरं घर शोधताना फोनवर बाबांचं आडनाव ऐकलं की पलीकडचा माणूस म्हणायचा, "सॉरी, नो इंडियन." बाबा फोन ठेवायचे तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या असत. त्यांनी वर्तमानपत्राला एक लांबलचक पत्र लिहिलं. माणसाला त्याच्या कातडीवरून आणि स्वयंपाकाच्या वासावरून जोखणं हे सुसंस्कृत शहराला शोभत नाही, असा त्याचा आशय. मी अकरा वर्षांची होते. पक्की प्रत मीच काढली आणि काढताना मला आपल्या बाबांचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. ते पत्र छापून आलं नाही. आम्ही वुडलँड्सला गेलो, जिथे भाडं कमी होतं आणि आमच्या घरमालकाला नाकाचा काही त्रास नव्हता.

वुडलँड्सचं ते घर म्हणजे आवाज. सकाळी मलेशियातल्या जोहोरच्या पुलाकडे जाणाऱ्या लॉऱ्या, कॉरिडॉरमधून सायकल ढकलत नेणारी मुलं, शेजारच्या मलाय काकूंचा मसाला वाटण्याचा दगड, आणि आमच्या लोखंडी जाळीच्या दाराचा कर्रर्र. आई त्या दाराशी बसून भाजी निवडायची. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि बोलायला ‘थँक्यू’, ‘हाऊ मच’ आणि ‘नो, नो’ एवढं पुरत होतं. मराठी मात्र ती कागदाच्या पुडीवरचंसुद्धा वाचायची. पुण्याहून येणारं भाजणीचं पीठ ज्या कागदात गुंडाळलेलं असे, तो जुना कागद ती सरळ करून, भिंगासारखा जवळ धरून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच फेकायची.

आमच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू जरा मोठा, मैदान लहान, आणि चेंडू फेकायचा तो हात पूर्ण गोल फिरवून, कमरेखालून. फेकणारीला पिचर म्हणतात आणि सगळा खेळ तिच्याभोवती फिरतो. मी सावळी, किडकिडीत, लांब हातांची. वर्गातल्या मुली मला जे म्हणत ते मी इथे लिहीत नाही; ‘कोळसा’ हा त्यातला त्यात लाडाचा शब्द. पण मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की त्याच मुली माझ्या हाताकडे बघत गप्प राहायच्या. मला खेळ आवडत होता असं म्हणण्यापेक्षा मला ते गप्प राहणं आवडत होतं.

आमचे शिक्षक होते मिस्टर ओटिस. अमेरिकेतले कृष्णवर्णीय गृहस्थ, साठीच्या पुढचे, माझ्यापेक्षाही कितीतरी काळे, डोक्यावर कापसासारखे पांढरे केस. तेल काढणाऱ्या बोटीवर खानसामा म्हणून या बाजूला आले, इथल्या एका बाईशी लग्न केलं, ती वारली आणि हे राहिले. आमच्यापासून दोन ब्लॉक, म्हणजे दोन इमारती सोडून एका खोलीत. तरुणपणी ते बेसबॉलचे पिचर होते. गोऱ्यांच्या संघात काळ्या माणसाला तेव्हा पाय ठेवता येत नसे, म्हणून काळ्यांचे संघ वेगळे, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या, त्यांचे विक्रमही वेगळे, म्हणजे कुठेच न लिहिलेले. मिस्टर ओटिस हात जवळजवळ गुडघ्याच्या खालून आणून चेंडू टाकायचे, त्यामुळे आम्हा मुलींना शिकवायला ते अगदी योग्य. ते अर्थातच इंग्रजीत बोलत, पण इतक्या वर्षांनी मला त्यांचं बोलणं मराठीतच ऐकू येतं. त्याचं कारण मी शेवटी सांगणार आहे. तोवर वाचणाऱ्यानं खपवून घ्यावं.

त्यांच्या उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती, पेन धरता येत नसे. एकदा सामन्याची गुणवही मी भरली होती, ती बघून ते म्हणाले, "मिस व्ही, हे अक्षर आहे की लग्नाची पत्रिका?" माझं नाव वैशाली, ते त्यांच्या जिभेवर बसेना म्हणून मिस व्ही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाड पुठ्ठ्याची कोरी वही आणली. आपली सगळी कारकीर्द कुणाकडून तरी लिहून घ्यायची, हे त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. वर्तमानपत्रांनी लिहिलं नाही, संघाच्या मालकानं कागद ठेवले नाहीत, बरोबरीचे एकेक करून गेले. "मी मेलो की माझा एकही चेंडू टाकला गेला नव्हता असं होईल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबत नाही असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मग शनिवारी सराव संपला की मैदानाच्या कडेच्या पायरीवर आम्ही बसायचो. ते डोळे मिटून सांगत, मी लिहायचे. प्रत्येक नोंद एकाच पद्धतीची हवी, असा त्यांचा हट्ट. गाव. मैदान कुणाचं. कपडे कुठे बदलले. कुठे झोपलो. काय खाल्लं. किती इनिंग टाकल्या. निकाल. मी सुरुवातीला म्हटलं, झोपणं आणि खाणं कशाला, खेळाचं लिहू या. ते म्हणाले, "तोच खेळ होता. चेंडू टाकणं ही विश्रांती." एक नोंद मला अजून पाठ आहे. गावाचं नाव आठवत नाही, जॉर्जियात. मैदान गोऱ्यांचं, ते नसतील त्या दिवशी भाड्यानं. कपडे बसमध्ये बदलले, कारण खोलीला कुलूप. झोपलो बसमध्ये, पाय खिडकीबाहेर. खाल्लं हॉटेलच्या मागच्या दारानं दिलेलं, कागदी पिशवीत, थंड. नऊ इनिंग. जिंकलो. पैसे न देता मालक निघून गेला. अशा पानांमागून पानं. कुठल्याशा गावात त्यांच्यावर सडकी फळं फेकली, कुठे काचेची बाटली. एकदा गोऱ्यांच्या मोठ्या संघातले नामवंत खेळाडू मोसम संपल्यावर दोन डॉलर मिळवायला यांच्याशी खेळायला आले आणि त्यातल्या सर्वांत नामवंताला मिस्टर ओटिस यांनी एकाच दुपारी तीनदा बाद केलं. मी मोठ्या उत्साहानं त्याचं नाव विचारलं. "लिहू नकोस," ते म्हणाले. "त्याचं नाव लिहायला बाकीचं सगळं जग बसलंय."

पुढे गोऱ्यांच्या संघांनी दार किलकिलं केलं तेव्हा निवड करायला आलेल्या माणसानं यांना बघितलं, वय विचारलं आणि टोपी घालून निघून गेला. पण वय हे अर्धंच कारण होतं. खांदा तोवर गेला होता. दुखतंय असं सांगितलं की दुसरा उभा करतील आणि आपली बसमधली जागा जाईल, या भीतीनं ते वर्षानुवर्षं टाकत राहिले. "थांब असं मला कुणीही म्हटलं नाही," हे त्यांनी मला लिहायला सांगितलं नव्हतं, पण मी ते समासात लिहिलं. त्या खांद्याला ते चिनी औषधवाल्याकडचं हिरवं तेल चोळायचे. त्याचा वास स्पिरिटसारखा उग्र, डोळ्यांत जाणारा. पायरीवर शेजारी बसून तो वास माझ्या वहीला, दप्तराला, केसांना लागायचा. तो कशाचा वास आहे हे मला पक्कं माहीत होतं. बाटली मीच उघडून देत असे, झाकण त्यांच्या बोटांना फिरत नसे म्हणून.

आईनं त्यांना खालच्या हॉकर सेंटरमधून, खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारातून, एकट्यासाठी पुडीतला भात नेताना पाहिलं आणि एका शनिवारी माझ्या हातात थालीपिठांचा डबा दिला. स्टीलचा गोल डबा, झाकणावर तिच्या लग्नात कोरलेलं तिचं नाव. मी मिस्टर ओटिसना सांगितलं, आमच्याकडे आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, चार साखरेचे दाणे तरी घालतात. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की डबा कधी रंबुतानची फळं भरून यायचा, कधी शेंगदाण्याची चिक्की, एकदा तर खारवलेली अंडी, जी आईनं हळूच मलाय काकूंना देऊन टाकली. झाकणावरच्या अक्षरांवर बोट फिरवत त्यांनी विचारलं होतं, हे काय लिहिलंय. आईचं नाव आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "आमच्या घरात आमचं नाव घातलेली एकही वस्तू नव्हती." बाबांना हा सगळा प्रकार पसंत नव्हता. "त्या हबशाला आपला डबा कशाला?" असं ते आईला म्हणाले, आणि तो डबा आमच्या इतर भांड्यांत मिसळायचा नाही असा हुकूम निघाला. आई हुकूम मानायची. डबा घासून चपलांच्या कपाटावर पालथा ठेवायची आणि शनिवारी पुन्हा भरायची.

आता प्रकरणाचं मूळ. अंतिम सामन्याच्या आधीच्या आठवड्यात सराव संपताना मिस्टर ओटिस यांनी मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरून कानापर्यंत वर नेला. माझ्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, पण चेहरा वेदनेनं आक्रसला असावा. त्यांनी हात खाली सोडला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "रविवारी सू लिन टाकेल."

"मला काही होत नाहीये," मी म्हटलं.

"हे वाक्य मी तुझ्याआधी बोललोय," ते म्हणाले. "बस तू."

सू लिन माझ्याच वर्गातली. ‘कोळसा’ हा शब्द तिच्याच सुपीक डोक्यातला. ती माझ्याकडे बघून हसली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांदा दुखत होता हे मला माहीत होतं, त्यांनी का थांबवलं हेही मला त्याच क्षणी कळलं होतं. समजलं नव्हतं म्हणून रागावले असं सांगून मी स्वतःला सोडवून घेणार नाही. मला समजलं होतं, आणि तरी मला त्यांचा सूड घ्यायचा होता.

घरी येऊन मी ओक्साबोक्शी रडले. आई बाजारात गेली होती. बाबा खुर्ची ओढून समोर बसले आणि एकेक प्रश्न विचारू लागले. कुणाला घेतलं? का? तो काही बोलला? काही केलं? मी मान हलवत नाही, नाही म्हणत होते. मग काहीतरी सांगायला हवं म्हणून मी म्हटलं, "त्यांच्या अंगाला वास येतो."

"कसला वास?"

मी नाक ओढलं.

"दारूचा?"

मी मान हलवली. खालून वर, वरून खाली, एकदाच. बाबांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी कदाचित घाबरून खरं सांगितलं असतं. पण तिथे समाधान आलं, हवा तो स्क्रू बरोबर खणात सापडावा तसं. ते उठले, मसुद्याचा कागद घेतला आणि अर्ध्या तासात पत्र तयार केलं. आम्ही खाली सह्या करणारे पालक. कर्तव्य म्हणून, जड अंतःकरणानं. सदर गृहस्थ मुलींसमोर मद्याच्या अमलाखाली येतात. त्यांची पार्श्वभूमी आणि राहणी लक्षात घेता. मग टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, कार्बन लावला आणि मला म्हणाले, "ये. नीट लिही. नाक पुस आधी, कागदावर पडेल."

मी लिहिलं. एकही खाडाखोड नाही. आई बाजारातून आली तेव्हा मी शेवटची ओळ पुरी करत होते. तिनं विचारलं, काय चाललंय, तर बाबा म्हणाले, शाळेचा अर्ज आहे. ती खांद्यावरून कागदाकडे बघून म्हणाली, "किती देखणं दिसतंय गं." सेरंगूनच्या घरमालकाविरुद्धचं पत्र त्याच टेबलावर, त्याच पेननं लिहिलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, हे आमच्याकडे येताजाता म्हटलं जायचं, पण ते नेहमी दुसऱ्यांविषयीच म्हटलं जायचं.

सहा पालकांनी सह्या केल्या. बाबा ब्लॉकच्या खाली, मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलाशी बसून एकेकाला वाचून दाखवत होते. सू लिनच्या आईनंसुद्धा सही केली, तिचीच मुलगी खेळणार होती तरी. "दिस ब्लॅक वन, आय नेव्हर लाइक, लाह," असं म्हणून तिनं पेन मागितलं. बाबा आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले. मी शेजारी उभी होते, ‘इंडियन नको’ म्हणणाऱ्या शहरात आमची अखेर सोय लागली होती.

चौकशी झाली नाही. एकाही मुलीला कुणी विचारलं नाही, त्यांचा श्वास कुणी हुंगला नाही. मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून पत्र समोर ठेवलं आणि दोन दिवसांत ते शाळेतून गेले. खेळ शिकवणाऱ्या दुसऱ्या एका शिक्षकांना संघ दिला. त्यांना खांदाबिंदा काही माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं सर्वांत वेगात कोण टाकतं, आणि मुलींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आम्ही जिंकलो. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याची. हरले असते तर निदान शिक्षा झाली असं म्हणता आलं असतं. शेवटची मुलगी मी मिस्टर ओटिस यांनी शिकवलेल्या चेंडूवर बाद केली, ज्यात हात जोरात येतो आणि चेंडू मात्र रेंगाळत येतो. तो टाकताना खांद्यात काहीतरी कापडासारखं फाटलं. आजही मला हात कानाच्या वर नेता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायला नातीला खुर्चीवर चढवावं लागतं. ती विचारते, "आजी, व्हाय युअर हँड लाइक दॅट?" मी तिला म्हणते, म्हातारपण. बाबांनी त्या संध्याकाळी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले.

पुढच्या रविवारी दुपारी जाळीच्या दाराशी मिस्टर ओटिस उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका हातात वही, दुसऱ्या हातात आमचा डबा. बाबा बनियनवर होते. ते उठून दारापर्यंत गेले, पण कडी काढली नाही. मिस्टर ओटिस बाबांना काहीच म्हणाले नाहीत. जाळीतून माझ्याकडे बघून म्हणाले, "मिस व्ही, एक ओळ राहिलीय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. आमची दोघांचीही पाचावर धारण बसली होती, आणि आईला त्याचं कारण कळत नव्हतं. तिनंच पुढे होऊन कडी काढली. मी कॉरिडॉरमध्ये गेले. त्यांनी वही कठड्यावर उघडून धरली आणि खिशातून पेन काढलं. आज त्यांच्या अंगाला तेलाचा वास नव्हता. तो मुद्दाम धुऊन काढलेला होता हे मला कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते सांगू लागले, नेहमीसारखे डोळे मिटून. गाव, सिंगापूर. मैदान मुलींच्या शाळेचं. कपडे घरूनच घालून गेलो. झोपलो स्वतःच्या पलंगावर. खाल्लं मैत्रिणीच्या आईच्या हातचं. दोन मोसम. मग ते थांबले. "निकाल," ते म्हणाले, "दारू पितो म्हणून काढला. लिही. त्या पत्रात लिहिलंस तसंच छान लिही."

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. सवय म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. त्यांनी वही डोळ्यांसमोर धरून पाहिली. त्यांच्या आयुष्यातला प्रत्येक सामना त्या वहीत होता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच हातानं लिहिलेला, आणि दुसरी वही लिहून घ्यायला त्यांच्याकडे ना वेळ होता ना माणूस. मी माफी मागितली नाही. बाबा मागे उभे होते हे कारण नव्हे. मला शब्दच सापडला नाही. त्यांनी वही मिटली, डबा दोन्ही हातांनी आईपुढे धरला, "थँक्यू, मॅडम," म्हणाले आणि लिफ्टकडे न जाता जिन्यानं खाली गेले.

आईनं झाकण उघडलं. डबा धुतलेला, पुसलेला, कोरडा आणि रिकामा होता. ती कितीतरी वेळ आत बघत राहिली. बाबा आत जाऊन रेडिओ लावून बसले. मग आईनं मला विचारलं, "काय लिहून घेतलं गं त्यांनी?"

मी सांगितलं, शाळेनं त्यांना काढलं.

"का?"

"दारू पिऊन यायचे म्हणून."

ती माझ्याकडे बघत होती. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा तिला शेवटच्या ओळीपर्यंत वाचता यायचा, म्हणून मी चेहरा फिरवून चपलांच्या कपाटाकडे पाहत राहिले. "खरंच यायचे का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिनं विश्वास ठेवला. पोटच्या मुलीवर ठेवणार नाही तर कुणावर? त्यानंतर ते खाली बसस्टॉपवर दिसले की ती पदर नाकाशी धरून पलीकडून जायची. त्यांनी एकदा तिला हात जोडून नमस्कार केलेला मी पाहिला, माझ्याकडूनच शिकलेला, आणि तिनं न पाहिल्यासारखं केलं. काही महिन्यांनी ते खोली सोडून गेले. कुठे गेले ते कुणी विचारलं नाही. त्या वहीचं काय झालं मला माहीत नाही. आईचं शेवटचं आजारपण इथेच, बुकित पंजांगच्या या घरात झालं. खिडकीसमोरून एलआरटी या छोट्या रेल्वेचे डबे जायचे आणि ती पडल्या पडल्या जुन्या गोष्टी काढायची. एकदा म्हणाली, "तुझे ते दारुडे मास्तर होते ना, थालीपीठ फार आवडायचं त्यांना." मी तिच्या उशीची खोळ बदलत होते. तेव्हाही मी मूग गिळून गप्प बसले. माणूस चौदाव्या वर्षी खोटं बोलला तर त्याला पोर म्हणून सोडता येतं. पन्नाशीला आलेल्या बाईला काय म्हणायचं ते मला माहीत आहे, पण ते माझ्याच अक्षरात लिहायचं धैर्य नाही.

गेल्या महिन्यात बाबांची हिरवी फाइल आवरायला काढली. दोन्ही पत्रांच्या कार्बन प्रती एकापाठोपाठ लावलेल्या होत्या, घरमालकाचं आधी आणि मिस्टर ओटिस यांचं नंतर. बाबांना त्यात काही विचित्र वाटलं नसणार. दोन्ही चांगले मसुदे होते. मुलगी म्हणते, हे सगळं इंग्रजीत लिही आई, इथे वाचणारे मिळतील, मुलांना कळेल. बरोबर आहे तिचं. पण इंग्रजीत मी त्यांच्याविषयी एकदा लिहून बसले आहे, फार सुंदर लिहून बसले आहे. आणि ज्या बाईनं मला सरळ प्रश्न विचारला होता तिला मराठीच वाचता यायचं, पुडीच्या कागदावरचं का असेना.

आई, नाही. ते पीत नव्हते. ते तेल होतं.